जोडोपंत

जोडोपंत गेम खेळतात असा त्यांच्या सासरच्या मंडळींचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. गेम खेळणारा माणूस अधूनमधून तरी पडद्याकडे बघतो. जोडोपंतांचं सगळं लक्ष हातातल्या वस्तूकडे असतं, आणि ती वस्तू दर महिन्या-दोन महिन्यांनी बदललेली असते.

असे जोडोपंत हल्ली कोथरूडपासून वाकडपर्यंत कुठल्याही सोसायटीत सापडतात. वय चाळिशीच्या आगेमागे, नोकरी आयटीत, पाठीवरच्या सॅकमध्ये डबा एक आणि केबली अनेक. ओळखायची खूण सोपी आहे. चारचौघांत सहज म्हणा, "पोराचा गेमचा कंट्रोलर चालत नाहीये." बाकीचे "नवा घ्या" म्हणतील. जोडोपंत चहाचा कप खाली ठेवतील आणि विचारतील, "चालत नाही म्हणजे दिसतच नाही, की दिसतो पण ऐकत नाही?"

त्यांच्याकडे स्टीम डेक आहे. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणलेलं, हातात धरून खेळायचं यंत्र. सात इंची पडदा, वजन ६६९ ग्रॅम, आणि आत लिनक्स. बाजारात आलं तेव्हा भारतातल्या लोकांना ते विकायचा कंपनीचा विचार नव्हता, पण न्यू जर्सीच्या मेव्हण्याचा दिवाळीत पुण्याला यायचा विचार होता. बदामाची पाकिटं आणि सासूबाईंची व्हिटॅमिनची बाटली यांच्या मधोमध बसून डेक कोथरूडला पोचलं.

या यंत्राला मुळात काय काय आहे ते बघा. दोन स्टिक, दिशांची फुली, चार अक्षरी बटणं, वरच्या कडेला चार, पाठीमागे बोटांखाली आणखी चार, दोन टचपॅड, आणि यंत्र वाकडं केलं तर तेही कळतं. एवढी सामग्री विमानाच्या कॉकपिटमध्ये असते म्हणतात. तर यंत्र आल्याच्या त्याच आठवड्यात जोडोपंतांनी त्याला जोडायला वेगळा कंट्रोलर आणला.

"याला आहेत की बटणं," बायको म्हणाली.

"ती त्याची आहेत," जोडोपंत म्हणाले.

न्यायाने बोलायचं तर त्यांचं अगदीच चूक नाही. डेक टीव्हीला जोडलं की ते टीव्हीखाली पडून राहतं, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाला हातात काहीतरी लागतंच. शिवाय घरात दोन मुलं, म्हणजे दोन कंट्रोलर. इथपर्यंत कुणीही समजूतदार माणूस जाईल. समजूतदार माणूस इथे थांबतो, एवढाच फरक.

या माणसांची जडणघडण समजून घ्यायला हवी. नव्वदच्या दशकात यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, निन्टेन्डोची कुठलीतरी स्वस्त नक्कल. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं, आत खरे गेम पंधरा-वीस, बाकी तेच पुन्हा. गेम चालू झाला नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. जोडोपंतांना त्या वयात कळलं की खेळण्यापेक्षा फुंकर मारण्यात आपल्याला जास्त गती आहे. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर उबुंटू लिनक्सची फुकट सीडी परदेशातून टपालाने घरी यायची. कॅनॉनिकल कंपनी २००५ ते २०११ अशा सीड्या जगभर वाटत होती. जोडोपंतांनी ती हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर चढवली आणि पहिल्या रात्री साउंड कार्ड गेलं, ते सेमिस्टर संपेपर्यंत आलं नाही. सुखी सहजीवनाची सुरुवात अशीच असते. डेकमधली स्टीमओएस ही आर्च लिनक्सवर बेतलेली आहे हे ज्या दिवशी त्यांनी वाचलं, त्या दिवशी गेमची आवड असल्याचं त्यांनी घरात जाहीर केलं.

कंट्रोलरच्या खरेदीसाठी जोडोपंत तपकीर गल्लीत जातात. ऑनलाइन मिळतो, स्वस्त मिळतो, पण ऑनलाइन दुकानदाराशी हुज्जत घालता येत नाही.

"साहेब, पीसीवर चालतो, मोबाइलवर चालतो, टीव्हीवर चालतो. अजून कशावर चालवणार?"

"लिनक्सवर."

दुकानदार आतल्या पोराला हाक मारतो. "अरे, लिनक्सचा आहे का आपल्याकडे?" आतून उत्तर येतं, "संपलाय. सोमवारी येईल."

मग जोडोपंत तोच, पीसीवाला घेतात. कारण त्यांना आतली गोष्ट माहीत असते. घरी येऊन ते डेकचा डेस्कटॉप मोड उघडतात, काळी खिडकी उघडतात, 'एलएसयूएसबी' असं टाइप करतात आणि यंत्राला विचारतात, बाबा, तुला कोण येऊन चिकटलंय? खोक्यावर नाव वेगळं, कंट्रोलरच्या पोटावर आणखी वेगळं, पण यंत्र सांगतं: मायक्रोसॉफ्ट, एक्सबॉक्स ३६०. हे बघून जोडोपंतांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरतो की मुलाच्या दहावीच्या निकालालाही तो दिसला नव्हता.

भानगड अशी की एक्सबॉक्स ३६० आला २००५ मध्ये, आणि त्याच्या कंट्रोलरची बोली सगळ्या पीसी गेमना पाठ झाली. त्यामुळे स्वस्तातला कंट्रोलर बनवणारा कारखाना स्वतःची ओळख करून द्यायच्या फंदात पडत नाही. तो थेट मायक्रोसॉफ्टचा ओळखक्रमांक सांगून आत शिरतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दारावर 'एक्सपॅड' नावाचा ड्रायव्हर बसलेला आहे, थेट २००२ सालापासून. त्याच्याकडे शेकडो नावांची यादी आहे, त्यात नाचायच्या चटयासुद्धा आहेत. तो ओळखक्रमांक बघतो आणि या म्हणतो. आडनाव विचारत नाही, जामीन मागत नाही.

सोनीचा मामला जास्त कडक. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरसाठी सोनीने स्वतः ड्रायव्हर लिहिला आणि २०२१ मध्ये तो कर्नलमध्ये आला, पुढे जुन्या पीएस-फोरचा कंट्रोलरही त्याच्याच हाताखाली गेला. हा ड्रायव्हर आलेल्या कंट्रोलरला कारखान्यातली मोजमापं विचारतो. अस्सल कंट्रोलर घडाघडा सांगतो. नकली कंट्रोलर गप्प बसतो किंवा शून्य म्हणतो. मग ड्रायव्हर त्याला उभा करत नसे. शेवटी कर्नलवाल्यांनाच दया आली आणि अशा नकली मंडळींना सांभाळून घेणाऱ्या ओळी त्यांनी आत घातल्या. ही हकिकत सांगताना जोडोपंतांचा आवाज कातर होतो. "बघा," ते म्हणतात, "आपल्याकडे रेशन कार्डावर नाव चढवायला किती फेऱ्या होतात!"

सगळ्यात रंगतात ते मोडच्या विषयात. एटबिटडू या चिनी कंपनीचा एक छोटा कंट्रोलर त्यांच्याकडे आहे, जुन्या टीव्ही गेमच्या वळणाचा, सुबक. तो स्टार्ट आणि एक्स एकत्र दाबून सुरू केला तर विंडोजचा होतो, स्टार्ट आणि वाय दाबून निन्टेन्डो स्विचचा, स्टार्ट आणि बी दाबून अँड्रॉइडचा, स्टार्ट आणि ए दाबून मॅकचा. लिनक्सचा मोड नाही. चार परक्या घरांपैकी कुणाच्या नावाने आत यायचं हे जोडोपंतांनी ठरवायचं, आणि इथे पेच पडतो. असे कंट्रोलर निन्टेन्डोच्या सोंगात हातातली हालचाल कळवू शकतात, पण ट्रिगर अर्धा दाबलाय की पूर्ण, ते कळवत नाहीत. एक्सबॉक्सच्या सोंगात ट्रिगर कळतो, हालचाल कळत नाही. म्हणजे नेम धरायचा असेल तर गाडी एक तर उभी, नाही तर सुसाट. या प्रश्नावर जोडोपंतांनी अख्खा श्रावण घालवला. गेम कुठला होता हे विचारल्यावर त्यांना आठवेना.

त्यात निन्टेन्डोची आणि मायक्रोसॉफ्टची अक्षरं उलटी. एकाचा ए उजवीकडे, दुसऱ्याचा खाली. बी, एक्स, वाय यांचीही तशीच अदलाबदल. सोनीने अक्षरंच ठेवली नाहीत, फुली, गोल, चौकोन, त्रिकोण देऊन मोकळी झाली. पडद्यावर "पुढे जाण्यासाठी ए दाबा" असं येतं, मुलगी ए दाबते, आणि गेम विचारतो, "नक्की बाहेर पडायचं?" घरात यावरून दोनदा रडारड झाल्यावर जोडोपंतांनी कर्नलच्या दस्तऐवजातली पद्धत घरात लागू केली. तिथे अक्षरांच्या भानगडीत न पडता बटणांना दिशांची नावं दिलेली आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम.

"दक्षिण दाब गं!" जोडोपंत सोफ्यावरून ओरडले.

देवघरातून आई बाहेर आल्या. "दक्षिण कशाला? घरात दुसऱ्या दिशा नाहीत का?"

"आई, दक्षिणेनेच सुरू होतं ते."

"मग तरीच तुझं काही धड चालत नाही," आई म्हणाल्या आणि परत आत गेल्या. त्यांना हे सांगायची जोडोपंतांची छाती झाली नाही, की एक्सबॉक्सच्या धर्तीचा कंट्रोलर असेल तर पश्चिमेचं बटण दाबल्यावर लिनक्समध्ये नोंद उत्तरेची होते. जुनी चूक आहे. आता ती दुरुस्त केली तर तिच्या भरवशावर उभे असलेले गेम कोसळतील म्हणून तशीच राहू दिली आहे. वास्तुशास्त्राचं पुस्तक वाचणाऱ्या घरात ही बातमी फुटणं बरं नव्हे.

मुलांबरोबर ते खेळायला बसतात त्याचा एक प्रयोग मी पाहिला आहे. टीव्ही लागला, डेक टीव्हीखाली ठेवलं, दोघा मुलांच्या हातात एकेक कंट्रोलर दिला. पण डेक स्वतःच्या अंगावरच्या बटणांना पहिला खेळाडू मानतं, नंतर आलेले दुसरे-तिसरे. त्यामुळे थोरल्याच्या कंट्रोलरने धाकटीचा माणूस हलत होता, धाकटीच्या कंट्रोलरने काहीच हलत नव्हतं, आणि पहिला खेळाडू दरीच्या काठावर एकटा उभा होता. तेवढ्यात कामाच्या मावशी टीव्हीखालची धूळ पुसायला आल्या. त्यांच्या फडक्याबरोबर पहिला खेळाडू दोन पावलं चालला आणि दरीत गेला. मुलं टाळ्या पिटायला लागली, "मावशी खेळतायत!" हा क्रम बदलायची सोय डेकच्या बाजूच्या मेनूत आहे, अर्ध्या मिनिटाचं काम. जोडोपंतांनी ते दीड तास समजावून सांगितलं. मुलं कधी खाली सायकल चालवायला गेली ते त्यांना कळलं नाही.

बिनतारी कंट्रोलरच्या डोंगलसाठी ते एक वेगळा ड्रायव्हर स्वतः घडवून बसवतात. स्टीमओएसचा मुख्य भाग वाचण्यापुरता खुला आणि लिहिण्यासाठी बंद असतो. जोडोपंत आज्ञा देऊन तो उघडतात, ड्रायव्हर बसवतात, पुन्हा बंद करतात. मग सिस्टिमचा नवा अपडेट येतो आणि तिथे केलेलं सगळं पुसून टाकतो. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. जोडोपंतांना मात्र अपडेटची घंटी वाजली की शनिवार सत्कारणी लागल्यासारखा वाटतो. मला तर संशय आहे की एखाद्या महिन्यात अपडेट आलाच नाही, तर ते स्वतःच काहीतरी पुसत असावेत.

एका गोष्टीपुढे मात्र त्यांची मान खाली जाते. कंट्रोलरच्या आतलं फर्मवेअर बदलायचं तर बऱ्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज किंवा मॅकवर चालतं. माझ्याकडे ऑफिसचा विंडोजवाला लॅपटॉप आहे. माळकरी माणसाने अंधार पडल्यावर मटणाच्या दुकानाकडे वळावं तसे ते रात्री दहानंतर आमची बेल वाजवतात. आत येतात, लॅपटॉपला कंट्रोलर जोडतात, आणि निळी पट्टी पुढे सरकत असताना पडद्याकडे पाठ करून बसतात.

"झालं?" ते विचारतात.

"झालं."

"घरी बोलू नका."

खेळाच्या नावाखाली त्यांचा सगळ्यात आवडता पडदा म्हणजे चाचणीचा. एक वर्तुळ, त्यात एक ठिपका. स्टिक फिरवली की ठिपका फिरतो, सोडली की मध्यभागी यायला हवा. साध्या स्टिकमध्ये आत घासणारा रोधक असतो. तो झिजला की हात न लावताही ठिपका सरकू लागतो आणि गेममधला माणूस झोपेत चालल्यासारखा डावीकडे निघतो. चुंबकावर चालणाऱ्या 'हॉल इफेक्ट' स्टिकमध्ये हे घासणं नसतं, म्हणून जोडोपंतांच्या घरी आता त्याच. ठिपका बरोबर मध्यभागी येऊन थांबला की ते मागे रेलतात, चष्मा काढतात. परवा मी विचारलं, "आता सगळं नीट चालतंय ना?"

"एकदम," ते म्हणाले.

"मग खेळा की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कंट्रोलरकडे बघितलं, मग तो खोक्यात घालून खोक्याचा फोटो काढला. रात्री तो विक्रीला लागला होता: 'जेमतेम वापरलेला, लिनक्सवर तपासून दिलेला.' किमतीत घासाघीस नाही, पण घेणाऱ्याला मोड समजावून सांगितले जातील अशी तळटीप.

काल ते पुन्हा आले, पण लॅपटॉपसाठी नाही. आमच्या डायनिंग टेबलाच्या कडेला वाकून त्यांनी खालून-वरून बोटं फिरवली आणि खिशातून मोजपट्टी काढली. टेबलाला शिकंज्याने आवळायचं गाडीचं स्टीअरिंग त्यांना बघून ठेवायचं होतं. खाली पायाशी पेडल, वर चाक, आणि लिनक्समध्ये त्याच्या हिसक्यांचा ड्रायव्हर आधीपासूनच आहे म्हणे. त्यांच्या घरचं टेबल काचेचं.

"तुमचं सागवानी आहे ना?" त्यांनी विचारलं. "जेवता किती वाजता तुम्ही?"