दांडा नसलेली लक्ष्मी

गांबेला, इथिओपिया
२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

ती. आईंना,


लक्ष्मीपूजनाला केरसुणी मिळाली का, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि नेमकी रेंज गेली. तर मिळाली! शिंदीची नव्हे, गवताची. आणि शेजारच्या अनुआक बाईंनी स्वतःच्या हाताने बांधलेली.

तुम्हाला वाटतं आम्ही आदिस अबाबासारख्या थंडीत स्वेटर घालून बसलोय. आदिस महाबळेश्वरपेक्षा हजार मीटर उंच. आम्ही पार पश्चिमेला, खालच्या सपाटीवर, बारो नदीच्या काठी घामाघूम. १९०२ साली इथिओपियाशी झालेल्या करारानंतर इंग्रजांनी इथे व्यापारी ठाणं घातलं आणि पावसाळ्यात आगबोटीने कॉफी खार्टूमला नेली. म्हणजे इंग्रज निदान कॉफीसाठी आले. तुमचे चिरंजीव स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकवायला आले!

अनुआक हे इथले नदीकाठचे लोक. काही सीमेपलीकडे दक्षिण सुदानमध्येही राहतात. मका-ज्वारी पिकवायची, मासे धरायचे. घरं मातीची, वर गवताचं छप्पर. गवत इतकं मुबलक की झाडूही त्याचाच. लांब काड्यांची जुडी घ्यायची, देठांकडे गवताचीच दोरी करकचून आवळली की झाली मूठ. शेंडे मोकळे सोडायचे. खिळा नाही, तार नाही, दांडा तर नाहीच. अंगणात गवताची काडी उरू द्यायची नाही, म्हणजे साप आला तर लांबूनच दिसतो. गंमत बघा, तिकडे आदिसला कॉफीचा सोहळा असला की झाडलेल्या जमिनीवर मुद्दाम हिरवं गवत पसरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात नुसते शिवशिवत होते.

यांना मात्र त्या झाडूत ‘डिझाइनची त्रुटी’ दिसली. कमरेवर येणारा भार, आघूर्ण, असं काय काय कागदावर मांडून यांनी पोछ्याचा दांडा सुतळीने त्याला बांधला. पहिल्याच फटकाऱ्याला दांडा यांच्या हातात राहिला आणि झाडू कुंपणापाशी जाऊन पडला. शेजारीणबाई आधी तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हात काढून हसल्या. नंतर त्यांनी जुडी पुन्हा आवळून दिली आणि वाकून, दुसरा हात पाठीवर ठेवून, सगळं अंगण झाडून दाखवलं. धुरळा म्हणून उडाला नाही. यांनी तसंच करून पाहिलं, तर पुरुषमाणूस झाडतोय हे बघायला आळीतली पोरं गोळा झाली.

पूजेत मी झाडूला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा बाई चकित. घर झाडायची वस्तू आणि तिच्या पाया पडायचं? मी सांगितलं, ही आमची लक्ष्मी. हिला पाय लावत नाहीत, तिन्हीसांजेला हातात घेत नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, आमच्याकडे तो मान मण्यांना. ‘दिमुई’ म्हणतात त्या जुन्या निळ्या काचमण्यांना. लग्नात मुलीकडच्यांना तेच द्यायची त्यांची जुनी रीत. लक्ष्मी आमची कोपऱ्यात उभी, त्यांची दोऱ्यात ओवलेली. मण्यांनी केर निघत नाही, एवढं मी मनातच ठेवलं.

आज पाडवा. ओवाळणीत मी साडी मागितली नाही, रोज सकाळचं अंगण मागितलं. त्यावर हे म्हणतात, इथल्या कॅलेंडरात अजून २०१७ साल चालू आहे आणि आपलं लग्न २०१८चं. तेव्हा नवऱ्याची कर्तव्यं अद्याप लागू नाहीत. मी म्हटलं, अगदी बरोबर. मग लग्नाआधी मुलीच्या घरी दोन वेळा जेवायला बसणं बरं दिसत नाही.

अंगण झाडून झालंय. आता पानं वाढते.

बाबांना नमस्कार.

तुमची,
सूनबाई