खड्डा बुजवूनच परत यावे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात नोकरी करणाऱ्या आणि उन्हाळ्यात आईला सहा महिन्यांसाठी बोलावून घेणाऱ्या कोकणी मुलांसाठी हे मार्गदर्शन आहे. घाटावरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांच्या आया समुद्रावर फोटो काढतात आणि परत येतात. मालवणची आई समुद्राकडे बघतच नाही. ती चिखलाकडे बघते, तिला त्यात शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसतात, आणि तिथून पुढचं सगळं कायद्याच्या कक्षेत येतं.

प्रथम परवाना काढावा. वय १५ किंवा त्याहून जास्त असेल तर सिएटलजवळच्या प्यूजेट साउंडच्या किनाऱ्यावर हौसेखातर तिसऱ्या काढायलाही परवाना लागतो. परराज्यातल्यांना दर जास्त, आणि मालवण परराज्यातच धरतात. ही बातमी आईला गाडीत द्यावी, दुकानात देऊ नये. मी दुकानात दिली. ‘‘चिकलात वाकाक लायसन?’’ हा प्रश्न तिने गल्ल्यावरच्या मुलीला थेट मालवणीत विचारला. मुलीने हसून पावती दिली.

मग वेळ. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आईने विमानातून उतरल्या उतरल्या हिशेब मांडला: पौर्णिमा, म्हणजे पंधराची पाऊणपट, भरती सव्वाअकराला, तर सुकती संध्याकाळी पाचनंतर. दुपारी बाराला कशाला जायचं? इथे आईशी वाद घालू नये, छापील वेळापत्रक दाखवावं. प्यूजेट साउंडला दिवसात दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. एक जेमतेम उतरते आणि दुसरी पार तळ दाखवते. ही खोल ओहोटी उन्हाळ्यात दिवसा येते आणि हिवाळ्यात रात्री. त्या पौर्णिमेला ती ऐन दुपारी होती, शून्याच्या खाली तीन फूट. आईच्या गणिताने समुद्र भरलेला असायला हवा होता, तेव्हा समोर अर्धा मैल चिखल पडला होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘ह्यांची पौर्णिमा चुकली आसतली.’’

जागा निवडताना विशेष काळजी घ्यावी. या राज्याने १८८९ पासून १९७१ पर्यंत ओहोटीला उघडी पडणारी जमीन खुशाल विकली. त्यामुळे भरतीला जो समुद्र असतो, त्याचा ओहोटीला सातबारा निघतो. चिखल सार्वजनिक आहे की कुणाच्या बंगल्याचा, हे आधी पाहावं. शिवाय इथल्या आदिवासी जमातींनी १८५० च्या दशकात करार करताना आपला शिंपल्यांचा हक्क राखून ठेवला होता. १९९४ साली न्यायालयाने त्या हक्काचा अर्थ निम्मा वाटा असा लावला. हा एकच नियम आईला समजावून सांगावा लागला नाही. ‘‘तेंची पणजी हयच खणी आसतली,’’ म्हणाली.

हंगाम चालू आहे म्हणजे खाता येतील असं मात्र समजू नये. आरोग्य खात्याचा नकाशा निघायच्या दिवशी सकाळी पाहावा. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाचं विष तिसरीत साठतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि सोलं, तिरफळं घालून अर्धा तास उकळलं तरी जात नाही.

आता प्रत्यक्ष खणणे. इथे सर्वाधिक मिळते ती मनिला जातीची तिसरी. ती मूळची इथली नव्हे; १९३० च्या दशकात जपानहून आणलेल्या कालवांच्या बियाण्याबरोबर चुकून आली आणि राहिली. व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या मंडळींनी तिचा हेवा करू नये. ती वरच्या दोन-चार इंचांतच असते, छोटं दाताळं पुरतं. माणशी ४० तिसऱ्या, कवचांसकट वजन १० पौंडांच्या वर नको, आणि प्रत्येकाचं भांडं वेगळं. आईला भांड्याचा नियम सर्वात जड गेला. तिचं भांडं भरत आलं की ती मूठभर माझ्यात टाकायची, जशी जेवताना टाकते. आणि दीड इंचापेक्षा लहान ती परत चिखलात. त्यासाठी प्लास्टिकची मापपट्टी मिळते. मी ती गळ्यात अडकवली होती. आईने दोन बोटं लावली आणि भराभर बाजूला टाकत गेली. ‘‘ही पोरां हत, ऱ्हवांदेत.’’ तिने टाकलेल्या तीन मी पाठ फिरवून मोजल्या. तिन्ही दीड इंचाला केसभर कमी.

खुल्या महासागराच्या किनाऱ्यावरच्या लांबट रेझर तिसरीला नेमका उलटा नियम आहे: पहिल्या १५ हाताला लागतील त्या, लहान असोत की फुटक्या, ठेवायच्याच, कारण तिचं कवच इतकं पातळ की परत टाकलेली बहुधा मरते. आईला हे सांगू नये. मी सांगितलं नाही.

राहता राहिला खड्डा. तो बुजवणं बंधनकारक आहे. आई म्हणाली, ‘‘भरती काय झोपली हा?’’ मी समजावलं की शेजारी मातीचा ढीग राहिला तर त्याखालची पिल्लं गुदमरतात आणि खड्ड्यातली उघडी पडून मरतात. भरती यायला उशीर होतो. तिने ढिगाकडे पाहिलं, दोन बोटं आत घातली, एक नखाएवढी तिसरी बाहेर काढली. मग सगळे खड्डे बुजवले. स्वतःचे, माझे, आणि पलीकडच्या कुणाचे तरी दोन. तिसऱ्या खड्ड्यापाशी एक सहा फुटी तरुण बादली उचलून निघाला होता.

‘‘मेल्या, खड्डो कोण बुजवतलो? तुझो बापूस?’’

तो थांबला, ‘सॉरी, मॅम’ म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून पायाने नव्हे, हाताने खड्डा बुजवू लागला. तो नीट झाल्याची खात्री होईपर्यंत आई कमरेवर हात ठेवून उभी होती.

घरी नेताना बादलीत तिथलंच समुद्राचं पाणी घ्यावं. रात्रभर त्यात ठेवल्या की वाळू सोडतात. विळी नसेल तर एकशिपी करण्याचा हट्ट धरू नये.

परवाना आई मालवणला घेऊन गेली. प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या मागे ठेवलाय, आणि आल्यागेल्याला दाखवते. त्याची मुदत ३१ मार्चला संपली, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.