ताटातला पक्का डावा

राजकारणात मी कुठल्याच बाजूचा नाही. बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यात वाढलेल्या माणसाला बाजू घेणं परवडतही नाही. ताटात मात्र मी पक्का डावा. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं अशी जी मंडळी डावीकडे अंग चोरून बसतात, त्यांतली तळलेली सांडगी मिरची हे माझं दैवत. उजवीकडच्या भाजीशी संबंध रामराम घालण्यापुरता.

ही मिरची म्हणजे खरं तर वाळवलेलं लोणचंच. जाड सालीची, बेताच्या तिखटाची मिरची उभी चिरायची, धने, मेथी, मोहरी, हिंग, हळद आणि सढळ मीठ आंबट दह्यात कालवून आत भरायचं नि कडकडीत होईस्तोवर उन्हात टाकायचं. उन्हाची आमच्याकडे टंचाई नसते. बाकी सगळ्याची असते. आजी माळवदावर जुनं धोतर अंथरून मिरच्या मांडायची आणि कावळे हाकायला मला बसवायची. पाखरांना तिखट लागतच नाही, हे विज्ञान मला फार उशिरा कळलं. तेव्हा कळतं, तर कमी झालेल्या मिरच्यांचा आळ कावळ्यांवर आणखी ठामपणे घातला असता.

मिरची कढईत पडली की घरातली माणसं अंगणात यायची. शेजारच्या घरातून पहिला ठसका ऐकू आला, की तळण जमलं म्हणायचं. आजीच्या लेखी ते भाकरीचं तोंडी लावणं. एका भाकरीला एक मिरची, फार तर दीड. मी वाटीभर घेऊन ओसरीवर बसायचो.

‘ते काय फुटाणे हायेत व्हय रं?’

माझ्यासाठी होते. सातआठ मिरच्या गुण्यागोविंदाने जायच्या आणि नववी घरभेदी निघायची. अशा वेळी तांब्याभर पाणी ढोसून काही होत नाही. मिरचीची आग तेलातुपात विरघळते, पाण्यात नाही. आजी काही न बोलता दह्याची वाटी पुढे सरकवायची. ती शाळेत गेलेली नव्हती.

लोणचं तळणारे आम्ही एकटेच नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात ऍटकिन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या बर्नेल ऑस्टिन या हॉटेलवाल्याने 1963 साली काकडीच्या लोणच्याच्या चकत्या पिठात घोळून तळल्या. त्या गावात आता लोणच्याची जत्रा भरते! मिरची मुळात अमेरिका खंडातलीच, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, म्हणून मी फार बोलत नाही. पण आमच्या किती आज्यांनी उभा जन्म लोणचं वाळवून तळलं, त्यांच्या नावाची जत्रा कुठे आहे? आमची जत्रा परळीला, महाशिवरात्रीला, वैद्यनाथाची. तिथेही भाव खाऊन जातात त्या रेवड्या.

आता मी पुण्यात असतो. इथे पाकिटात मिळते ती मिरची सभ्य असते, नववीसुद्धा.

तेव्हा सिरसाळ्याहून बीडमार्गे कुणी पुण्याला निघालं, तर आमच्या घरून एक डबा घेऊन या. मिरच्या न तळलेल्याच आणा. तळलेल्यांचा डबा बीडच्या पुढे भरलेला राहत नाही. मी स्वतः तीनदा आणून पाहिला आहे.