द्रव्यराशी आणि जव

भाच्याची बी.एस्सी.ची पहिली सेमिस्टर, दुसऱ्या दिवशी फिजिक्सचा पेपर. भालकीला बहिणीकडे गेलो तर पलंगावर तिघांची बैठक भरलेली: भाचा, त्याचा कन्नड माध्यमातून आलेला मित्र आणि झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला ‘इम्पॉर्टंट’चा गठ्ठा. गठ्ठ्याला मी माणसांत धरतो, कारण शेवटचा शब्द त्याचाच होता.

भाचा दहावीपर्यंत मराठीत शिकला. पेपर इंग्रजीत लिहायचा. मधलं समजावणं मित्राच्या कन्नडमध्ये. मित्र म्हणाला, बल म्हणजे द्रव्यराशी गुणिले वेगोत्कर्ष. आपलं वस्तुमान, ती त्यांची द्रव्यराशी. स्वयंपाकघरात बहिणीचे कान टवकारले. द्रव्याची रास घरात येणार असेल तर पोराची फी वाया गेली नाही म्हणायची! मग मित्रानं ‘स्पीड’ला ‘जव’ म्हटलं, तेव्हा आजी बाहेर आली. “जव कशाला रे? ज्वारी हाय की घरात.”

खरा घोळ शक्तीचा. मराठीत शक्ती म्हणजे पॉवर, एनर्जी म्हणजे ऊर्जा. कन्नडमध्ये शक्ती हीच एनर्जी, आणि पॉवरला सामर्थ्य. पोरं अर्धा तास भांडली आणि दोघंही बरोबर होती. असले मराठी-कन्नड वाद सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन अहवालानंही मिटले नाहीत. इथं गठ्ठ्यानं मिटवला: ‘डिफाइन पॉवर’, दोन मार्क.

तेवढ्यापुरतं मीही शिकवून घेतलं. काम तेवढंच, वेळ कमी, तर पॉवर जास्त. सोळा आठवड्यांचा, म्हणजे ११२ दिवसांचा अभ्यास एका रात्रीत उरकणाऱ्याची पॉवर ११२ पट. आमच्या भागात पोरांना कुणी आळशी म्हणू नये.

जडत्वाला मी घरचं उदाहरण दिलं. २०१४ मध्ये शहराचं कलबुर्गी झालं, तरी १९८० चं विद्यापीठ पुढं कित्येक वर्षं ‘गुलबर्गा’ याच नावानं चालत राहिलं.

“मामा, असलं लिहिलं तर मार्क देत नाहीत.”

“बरं, बिदरला नौबादचा करेज बघितलायस ना? बहमनी काळातला. जमिनीखालनं पाणी वाहतंय, मोट नाही, मोटार नाही. कशाच्या जोरावर?”

भाच्यानं गठ्ठा चाळला. पुढनं, मग मागनं.

“हे इम्पॉर्टंटमधी नाही मामा.”

“पण कॉलेजला जाताना रोज त्याच्यावरनंच जातोस की!”

“जातो की. पण मागच्या पाच वर्षांत एकदाबी विचारलं नाही.”

मित्रानं मान हलवली. या मुद्द्यावर मराठी आणि कन्नड एक होते.

पुन्हा घोकणं सुरू झालं. फ्लायव्हीलचं मोमेंट ऑफ इनर्शिया अर्ध्यावर आलं आणि घरभर अंधार झाला. “करंट गेला,” आजी म्हणाली. “करंट होयतु,” मित्र म्हणाला. तिन्ही भाषांत टिकलेला तो पहिलाच शब्द. मी अंधारातच भाच्याला म्हटलं, निदान हा तरी नीट समजून घे.

“आत्ता नको मामा. करंट पुढच्या सेमिस्टरला हाय.”