श्रावणबाळा, तुझा अर्ज अपात्र ठरला आहे

॥ श्री केदारेश्वर प्रसन्न ॥

मु. पो. प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार

चि. श्रावणबाळ यास,

वि. वि. आई-वडिलांना कावडीत बसवून तू तीर्थयात्रेला निघाला आहेस, असं कळलं. काशी करशीलच, पण इकडेही यावं लागेल. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं आमचं प्रकाशा म्हणजे दक्षिण काशी. काशीला जाऊन आलेल्याचीही यात्रा प्रकाशा केल्याशिवाय पुरी होत नाही, अशी इकडची समजूत आहे. घाट आहे, कावड टेकवायला जागा आहे आणि शहाद्याचं तहसील कार्यालयही फार लांब नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. पुण्य घाटावर मिळतं, बाकी सगळं तहसिलात.

तुला ठाऊक नसेल, पण महाराष्ट्र सरकारने तुझ्या नावाने एक योजना काढली आहे: 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना'. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल, तर दर महिन्याला निवृत्तिवेतन. तुझ्या दोन्ही म्हाताऱ्यांना ते मिळायला हरकत नाही. उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवासी दाखला एवढं जमवलं की झालं. दोघंही अंध, म्हणजे फॉर्म तूच भरशील, रांगेत तूच उभा राहशील आणि मशीनवर बोटाचा ठसा उमटला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कावड उचलून तूच आणशील. यात माझे किती, असं मात्र विचारू नकोस. योजनेला नाव तुझं दिलंय, आणखी काय हवं?

तरीही तुझ्या नावाने अर्ज लिहून मी बाकीच्या खिडक्यांवर चौकशी केली. संजय गांधी योजना निराधारांसाठी आहे. तू दोन माणसांचा आधार, तेव्हा तिथे बोलणंच खुंटलं. 'लाडकी बहीण' योजनेचं नाव काढताच कारकुनाने चष्म्यावरून तुझ्या अर्जाकडे पाहिलं. तू पुरुष, आणि वयही कमी.

मग म्हटलं, तुझ्या जागी मुलगी असती तर? आणि खरं सांगायचं तर, बाळा, तुझ्या जागी मुलगीच आहे. पुराणात तुझं नाव गेलं, पण आमच्याकडे हे काम बहुतेक वेळा घरातली थोरली करते. तिची कावड कडेवर असते, एवढाच फरक. म्हणून समज, 13 वर्षांची एक मुलगी धरून मी पुन्हा त्याच खिडक्यांवर गेलो. 'लाडकी बहीण' व्हायला 21 वर्षं पूर्ण लागतात. 'लेक लाडकी' व्हायला 1 एप्रिल 2023 किंवा त्यानंतरचा जन्म लागतो. मग टप्प्याटप्प्याने, 18 व्या वर्षापर्यंत, 1,01,000 रुपये. आज 13 वर्षांची असलेली मुलगी दोन्हीकडून सुटली. लेक व्हायला ती फार आधी जन्मली आणि बहीण व्हायला फार उशिरा. 1992 साली सरकारने मुलींसाठी उपस्थिती भत्ताही काढला होता. दारिद्र्यरेषेखालच्या मागास आणि आदिवासी घरातली मुलगी पहिली ते चौथीत शाळेला आली, तर दिवसाला 1 रुपया. चौथी झाली की तोही नाही. पाचवीपासून मुलगी घरात कामाला येते, आणि त्या भावात सरकारला तिचा दिवस परवडत नाही.

आता तिचा दिवस कसा असतो, ते सांगतो. दिवाळी झाली की सातपुड्याच्या पट्ट्यातून, धडगाव-अक्कलकुव्यापासून इकडच्या गावांपर्यंत, टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी जवळच्या कारखान्यांना, कुणी थेट गुजरातेत बारडोली-सुरतेकडे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. हिशेब कोयत्यावर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. तेरा वर्षांची मुलगी म्हणजे किती कोयता? शून्य. पण ती नसेल तर तिच्या आई-बापांचा कोयता अर्धाच भरेल, हे मुकादमाला पक्कं ठाऊक असतं. घरून कोण कोण येतंय आणि लहानग्याला कोण सांभाळणार, हे तो उचल देताना विचारून घेतो. समाजकल्याण खात्याने न विचारलेला प्रश्न मुकादम विचारतो, हे तू लक्षात घे.

फडाच्या बांधावर, बैलगाडीच्या दांड्याला साडीची झोळी बांधलेली असते. झोळीत आठ-नऊ महिन्यांचं पोर. मुलीच्या एका पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी गुंडाळलेली, आणि दोन्ही हात परातीतल्या पिठात. पाय हलतो, झोळी हलते, भाकरी थापली जाते. मधे तव्यावरची भाकरी उलटायची, पाच वर्षांच्या भावाला पाचटातून ओढून आणायचं, कुत्र्याला हाकलायचं. पोर रडायला लागलं की ते कडेवर घेऊन फडात शिरायचं. आई कोयता खाली ठेवते, पाजते, परत देते. रात्री ट्रॉली भरायला आली की आई-बाप मोळ्या चढवतात, आणि मुलगी पुन्हा जागी. हे सगळं बघून एखादा साहेब तिला विचारतो, "तू काय काम करतेस?" ती म्हणते, "काही नाही, घरी असते."

यात बेकायदा काही नाही, घाबरू नकोस. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तेव्हा शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला मदत करायला मुलांना मोकळीक ठेवली गेली. आता फडावर शाळाच नसेल, तर सगळा दिवस शाळेनंतरचाच म्हणायचा. शिक्षणहक्काचा कायदा 6 ते 14 वयासाठी आहे. त्यातही मुलं मोजायचं काम आपल्या राज्याने कधी हाती घेतलं? शाळाबाह्य मुलांचं एकदिवसीय सर्वेक्षण 4 जुलै 2015 रोजी झालं. जुलैत गाळप बंद असतं, टोळ्या गावात असतात, पावसाळा असतो, शाळा नुकती भरलेली असते. शेतातून चोर निघून गेल्यावर बुजगावणं उभं करावं, तसा हा बंदोबस्त झाला. ऊस तुटतो डिसेंबरात आणि मुलं मोजली जुलैत!

मोजणीच्या बाबतीत आमच्या तालुक्याला मात्र कुणी नावं ठेवू शकणार नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी इथेच, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान स्वतः आले होते. तेव्हापासून आमच्या मुलींच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं सरकारजमा आहेत. त्या बोटांनी दिवसभरात काय केलं, ते तेवढं कुठल्या यंत्रात चढत नाही.

असं लिहिलं, पण तेही पूर्ण खरं नाही. तेही मोजलेलं आहे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 आणि 2024 साली लोकांच्या वेळेचं सर्वेक्षण केलं. 2024 मध्ये घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा 88 मिनिटं, असं दिसलं. लहानग्यांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची निगा त्यात धरलेली नाही, ती वेगळी. आणि या सर्वेक्षणात वेळ विचारला जातो वय वर्षं 6 पासून. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीचा वेळ मोजण्याइतका महत्त्वाचा आहे, हे सरकारला मान्य आहे. तिला सोडवण्याइतका महत्त्वाचा तो 21 व्या वर्षी होतो. जगात तरी काय वेगळं? 5 ते 14 वयोगटातल्या मुली घरकामात, पाणी-लाकूडफाटा आणण्यात मुलांपेक्षा 40 टक्के जास्त वेळ घालवतात, असं युनिसेफने 2016 मध्येच सांगितलं. इंग्लंडने मात्र 2014 च्या एका कायद्याने घरच्या आजाऱ्याची किंवा अपंगाची शुश्रूषा करणाऱ्या मुलांना नावानिशी ओळखलं. अशा मुलाला कसली मदत लागेल, ते स्थानिक प्रशासनाने पाहायचं असा दंडक घातला. तिथला श्रावण निदान नोंदवहीत तरी येतो.

तू म्हणशील, आपल्याकडे हंगामी वसतिगृहं आहेत ना? आहेत. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मुलांनी गावात राहून शिकावं, म्हणून आहेत. आश्रमशाळाही आहेत. दारात जाऊन उभी राहा म्हणावं त्या मुलीला. वॉर्डनबाई चांगल्या असतात, म्हणतात, "ये गं, तुझं नाव आहे यादीत." मग त्यांचं लक्ष कडेवर जातं. "याला कुठे आणलंस?" त्याचं नाव यादीत नसतं. तो सहा वर्षांच्या आतला, म्हणजे अंगणवाडीचा. अंगणवाडी काही तासांची, आणि तीही मागे गावात. मुलीला मिळणारी प्रत्येक सवलत तिचे हात मोकळे आहेत असं धरून दिलेली आहे, आणि हात तेवढे मोकळे नाहीत. यादीत नाव असलेली पोरगी तशीच फडावर परत जाते. सहा महिन्यांनी शाळेच्या दप्तरात शेरा पडतो: पालकांची उदासीनता.

हे कोडं कुणालाच सुटलं नव्हतं, असंही समजू नकोस. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. आदिवासी पाड्यावरची मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती भावंडं सांभाळतात आणि गुरं वळतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी पालकांच्या उदासीनतेवर परिसंवाद घेतला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हटलं. गुरं वळणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा नेली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या कामात त्यांच्यासोबत होत्या. दोघींना पद्म पुरस्कार मिळाले, अंगणवाडी देशभर पोचली, आणि तिला जोडलेला पाळणा तेवढा वाटेत कुठेतरी उतरवून ठेवला गेला. रोजगार हमीच्या कायद्यात तो पुन्हा दिसला: कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली, की ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवायचं. खड्डा खणणाऱ्या बाईच्या पोराला सांभाळणारी मिळू शकते. ऊस तोडणाऱ्या बाईच्या पोराला मिळते ती तेरा वर्षांची, बिनमजुरीची.

तेव्हा तुझा अर्ज परत पाठवताना मी सोबत थोडी दुरुस्ती सुचवली आहे. तुझ्या नावाची योजना राहू दे. म्हाताऱ्यांचे पैसे कुणी काढून घेऊ नयेत. मुलीच्या हातात पैसे ठेवा, असंही मी म्हणत नाही. सांभाळण्याची मजुरी मिळाली तर तिची कायमची तीच नोकरी होईल, आणि घरातले म्हणतील, आता शाळा कशाला? तिच्या कडेवरचं पोर कुणी मोठ्या माणसाने पगार घेऊन घ्यावं, एवढंच मागणं आहे. जिथे टोळी उतरेल तिथे पाळणाघर, आणि कारखान्याच्या गाळप परवान्याला त्याची अट. हंगामी वसतिगृहात धाकट्या भावंडासह प्रवेश, आणि त्याला सांभाळणारी बाई तिथेच. शाळेच्या हजेरीपत्रकात गैरहजेरीच्या कारणाचा एक रकाना: भावंड सांभाळते, आजारी आजी सांभाळते. चौदा पूर्ण झाल्यावरही तो रकाना चालू ठेवावा. आणि ही मोजणी, कृपा करून, डिसेंबरात करावी.

साहेब म्हणाले, "बजेटमध्ये बसत नाही." मी म्हटलं, "आज ते तेरा वर्षांच्या मुलीच्या बजेटमध्ये बसवलंय, तिथे कसं बसलं?" साहेबांनी दुसरा अर्ज उघडला.

आई-वडिलांना साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक प्रकाशेकर

ता. क.: तुझ्या गोष्टीचा शेवट आमच्या साहेबांना माहीत आहे की नाही, कोण जाणे. तू रात्री नदीवर पाणी भरत होतास, राजाने आवाज ऐकून बाण सोडला. न पाहता नेम धरायची ती पद्धत आमच्या सरकारी खात्यांनी चांगली जपली आहे. पण पुढचा भाग त्यांना कुणीतरी वाचून दाखवायला हवा. आपण कुणाला मारलं, हे बघायला दशरथ स्वतः काठावर गेला. आणि मग भांडं आपल्या हातात घेऊन, तुझ्या म्हाताऱ्यांना पाणी न्यायचं काम त्याने स्वतः केलं. आमच्या राजाने फक्त तेवढा दुसरा भाग करावा. पहिल्या भागाची गरज नाही.