गुहागर व्हाया साकीनाका

गुहागरला जाणारी शहाणी माणसं पहाटे चारला निघतात. आम्ही मरोळहून सकाळी साडेनऊला निघालो, कारण हिच्या भाऊमामांना दोन चहा लागतात आणि पहिला अंगात मुरल्याशिवाय दुसरा घेणं त्यांना पटत नाही. मामा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. गाडीत बसण्याआधी त्यांनी चारही टायरांना लाथा मारून पाहिल्या, बॉनेट उघडायला लावलं, आत नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण दिसल्यावर "इंजिन कुठाय?" असं विचारलं आणि खिन्न होऊन मागे जाऊन बसले.

गाडी २०१२ची, सेकंडहँड, वंशाने युरोपियन. नाव सांगत नाही. या वयात तिची बदनामी कशाला?

मरोळ नाक्यानंतर मेट्रोचं पुढचंच स्टेशन साकीनाका. जून २०१४मध्ये ही मेट्रो सुरू झाली, तेव्हा आता खालचा रस्ता मोकळा होणार असं जो तो सांगत होता. रस्त्याला कोणी कळवलं नसावं. इथे अंधेरी-कुर्ला रस्त्याला पवईकडून साकी विहार रोड येऊन मिळतो, खैरानी रोड फुटतो, घाटकोपरचा रस्ता असल्फ्याकडे वळतो आणि या सगळ्याच्या मधोमध प्रत्येक वाहन आपल्याला हवं तिकडे तोंड करून उभं असतं. शेजारच्या रिक्षावाल्याने आरशात बघून भांग पाडला, तो पसंत न पडल्याने मोडला, पुन्हा पाडला. डोक्यावरून मेट्रो गेली. पलीकडे जरीमरीच्या अंगाला विमान उतरलं. आम्ही तिथेच.

आणि नेमका इथे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. एवढीशी मोटार आणि तिच्या चाकांखाली दोन नागमोडी रेघा.

"अहो, गाडी घसरतेय असं दाखवतंय," ही म्हणाली.

गाडीला त्या क्षणी पुढे टेम्पो, मागे रिक्षा, डावीकडे बेस्टची बस आणि उजवीकडे सळ्यांची हातगाडी होती. घसरायचं म्हटलं तरी परवानगी कोणाकोणाची काढणार?

या दिव्यामागची यंत्रणा ईएसपी किंवा ईएससी म्हणून ओळखली जाते. वळणावर गाडीची शेपटी सुटायला लागली, की ती स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय हे ताडून बघते आणि नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणते. चारांपैकी एकच चाक दाबणं कुठल्याही माणसाच्या पायाला जमणारं नाही. १९९५मध्ये मर्सिडीजने ती आपल्या मोठ्या गाडीत बसवली. १९९७मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांनी त्याच कंपनीची नवी छोटी ए-क्लास चाचणीला नेली. रस्त्यावर अचानक मूस, म्हणजे तिकडचं उंटाएवढं सांबर, आडवं आलं तर गाडी कशी चुकवता येते ते बघायचं होतं. ए-क्लास उलटली, जगभर शोभा झाली, आणि मग कंपनीने छोट्या गाडीतही ईएसपी देऊन टाकलं. साकीनाक्यावर मूस आलंच, तर ते आडवं कसं येणार हा प्रश्न आहे. इथे आडवं यायला जागा लागते.

"फ्यूज उपट," मागून हुकूम आला. "आमच्या गाड्या परशुराम घाटात घसरायच्या, तेव्हा दिवा लागत नसे. पॅसेंजर ओरडायचे. त्यावरून कळायचं."

तेवढ्यात मागचा रिक्षावाला हँडलवरून वाकून ओरडला, "ओ शेठ! ब्रेक पे से पाँव उठाओ! चलती गाडी में भी लाल बत्ती जलाके रखेला है!"

साकीनाक्यावर कोणाचा पाय ब्रेकवर नसतो? मी काच वर केली.

गाडी कशीबशी खैरानी रोडला घातली. या रस्त्याला गाळे संपत नाहीत. पत्रा कापणारे, साचे ओतणारे, भंगार तोलणारे आणि मधे मधे गॅरेजं. पहिल्या गॅरेजवाल्याने खिडकीतूनच दिव्याचं दर्शन घेतलं आणि सांगितलं, "एबीएस का मॉड्यूल गया. पचास हजार." हातातला चहासुद्धा त्याने खाली ठेवला नव्हता. दुसऱ्याने अलाइनमेंट कधी केलं ते विचारलं, पुढचं चाक उतरवलं, सेन्सरवरचा चिखल हवा मारून उडवला. माणूस प्रामाणिक होता आणि बऱ्याच गाड्यांचं दुखणं खरोखरच तिथे असतं. पण दिवा ढिम्म. तिसरा तर तत्त्वज्ञ निघाला. त्याने काळी चिकटपट्टी काढली आणि म्हणाला, "दिखेगा नहीं, तो टेन्शन नहीं." मामांना दिवसभरात आवडलेला हा पहिला मेकॅनिक.

चौथ्या गाळ्यात वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. कोणाशी काही न बोलता त्याने स्टिअरिंगखाली हात घालून सॉकेट चाचपलं, स्कॅनरची वायर खोचली आणि स्क्रीनवर अंगठा फिरवत बसला. मामा त्याच्या खांद्यावरून टीव्ही बघितल्यासारखे बघत होते.

"ब्रेक स्विच का कोड है," पोरगा म्हणाला. "पीछे कोई खडे रहो."

ही मागे गेली. मी पाय वर उचलून धरला.

"चालूच आहेत!" तिकडून आवाज आला. मग दोन सेकंदांची शांतता आणि, "अहो, तो रिक्षावाला तेच सांगत होता ना?"

पोरगा पेडलखाली डोकं घालून, पाय दाराबाहेर सोडून उताणा झोपला आणि एक क्लिक ऐकू आलं. हातात काडेपेटीपेक्षा लहान काळी प्लास्टिकची वस्तू. तिच्या टोकाची पिन आत दबली होती, ती बाहेर यायला तयार नव्हती. पाय काढला तरी गाडीला वाटायचं, ब्रेक दाबलेलाच आहे. पुढे अ‍ॅक्सिलरेटरही दाबला जाई. एकाच वेळी थांब आणि चल असं सांगणाऱ्या ड्रायव्हरवर किती विश्वास ठेवायचा, असा विचार करून कॉम्प्युटरने ईएसपीचं दुकान बंद केलं होतं. नवा स्विच काही शे रुपयांचा. कुर्ल्याहून स्कूटरवर आला. पोरग्याने कोड पुसला, गाडी दोन गल्ल्या फिरवून आणली, दिवा गेला.

मामांनी जुना स्विच मागून घेतला आणि चष्मा वर करून निरखला. "पन्नास हजाराचं हेच का ते?" असं त्यांनी पहिल्या गॅरेजसमोरून जाताना काच खाली करून मोठ्याने विचारलं.

हा दिवा आता अधिकाधिक घरांत येणार आहे. ऑक्टोबर २०२३पासून गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी भारत एनकॅप योजना लागू झाली आणि तिच्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ही यंत्रणा गाडीत असावीच लागते. तेव्हा थोडं ध्यानात ठेवा. ओल्या रस्त्यावर दिवा क्षणभर लुकलुकला तर ती काम करतेय, वेग कमी करा. सतत पेटून राहिला तर ती रजेवर आहे. साधा ब्रेक बहुतेक लागतो, पण घाटात सांभाळून. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र गाडी तिथेच उभी करा. कोड वाचल्याशिवाय कोणी मॉड्यूल विकू लागला तर त्याला चहा पिऊ द्या आणि पुढच्या गाळ्यात जा. आणि खैरानी रोडला जाणारच असाल तर सकाळी लवकर जा. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.