टाकीला आलेलं जातं

कुणी न विचारता अल्बम सुचवायची खोड मला आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला अँटीपॉप कन्सॉर्शियमचा 2002 सालचा 'अरिद्मिया' सुचवला. तो गंभीर झाला. "ईसीजी काढला का?" भाच्याला कॅनिबल ऑक्सचा 'द कोल्ड व्हेन' ऐकवला. "मामा, गाणं कवा चालू होतंय?" तेव्हा चौथं गाणं संपत आलं होतं. मला मनातून बरंच वाटलं. उद्या सगळ्या परभणीला हे आवडू लागलं, तर माझ्याकडं काय उरणार?

मग गंगाखेडहून आत्या आली. मी मुद्दाम क्लिपिंगचा 'स्प्लेंडर अँड मिझरी' (2016) मोठ्यानं लावला. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालेला रॅप अल्बम आहे, हे सांगायची संधी हवी होती. घरघर, खरखर सुरू झाली. शेंगा फोडता फोडता आत्या म्हणाली, "जातं टाकीला आलंय रे."

जात्याची पाळू गुळगुळीत झाली की दाणा भरडत नाही, नुसता घरंगळतो; मग छिन्नीनं टाके घालून घेतात. एका हातानं खुंटा ओढायचा, दुसऱ्यानं घास टाकायचा, दम तुटेल तिथं ओळ तोडायची. बीट म्हणतात तो हाच. आत्याच्याच गावच्या जनाबाईनं सातशे वर्षांपूर्वी दळायला साक्षात विठ्ठल बसवला. आज त्याला फीचरिंग म्हणतात, मानधनावरून भांडणं होतात. जनीनं देवाला फुकट राबवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी तर खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. अँटीपॉप, कॅनिबल ऑक्स या न्यू यॉर्कच्या पोरांची एकेक ओळ मी शोधून वाचली. त्या लाखातली एकही नाही.

"गोष्ट कशाची हाय ही?" आत्यानं विचारलं.

गुलामांचं बंड, अवकाशयान, त्यात एकटाच उरलेला माणूस. शेवटी यानच त्याच्यावर जीव लावतं, असं मी सांगितलं. मला वाटलं, हसेल.

"लावंल की. एकट्या माणसाशी जातंच बोलतं."

मालक गेले तेव्हा ती तिशीची नव्हती. चार घरची दळणं होती. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. ती तेव्हा काय म्हणायची, ते मात्र कुणी विचारलं नाही. अल्बम सुचवणाऱ्यानंही नाही.

फोन पुढं धरून म्हटलं, "आत्या, एखादी ओवी म्हण."

"दळण कुठंय? नुसती कशी म्हणू?"

मी मिक्सर लावला. तोंडाला पदर लावून ती हसली, दोन शब्द गुणगुणली आणि थांबली.

"लई पळतंय रे हे."